खरखरीची वही

गेल्या महिन्यात भरदुपारी मला पुतण्याचा फोन आला. आवाज अगदी राहुलचाच. "काकू, मोठ्या अडचणीत सापडलोय. आत्ता तुझ्या मोबाईलवर एक नंबर येईल, तो तेवढा मला सांग." राहुल सातपूरला एका कारखान्यात प्रेसवर असतो. दुपारी त्याचा फोन आला की मागे प्रेसची धपधप ठरलेली. तिच्यावरून ओरडून बोलायची त्याला इतकी सवय झालीय की घरात मीठ मागायचं तरी तो ओरडून मागतो. या फोनच्या मागे मात्र चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, जरा मशीनजवळ जाऊन बोल." फोन बंद झाला.

संध्याकाळी खरा राहुल आला आणि चहा पिता पिता ओरडून म्हणाला, "काकू, हल्ली कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो. तुला कळलं कसं?"

कळलं, कारण एकतीस वर्षं मी पगार घेतला तो याच कामाचा. नाशिकच्या पूरनियंत्रण कक्षात मी बिनतारी ऑपरेटर होते. आमचे हे म्हणतात, मला गोड बोलणारी माणसं आवडत नाहीत. तसं काही नाही. मला फार स्वच्छ ऐकू येणारी माणसं आवडत नाहीत, आणि त्याला कारण आहे. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा तेच कारण लिहायचं ठरवलं. माणसं खरी आहेत, पण त्यांची आणि गावांची नावं बदलली आहेत.

आधी काम काय ते सांगते. पावसाळ्यात डोंगरातल्या धरणांवरून आणि नदीच्या मोजणी ठिकाणांवरून दर तासाला संदेश यायचे: पाणी किती, पाऊस किती, दरवाजे किती उघडले. ते मी लिहून घ्यायचे आणि साहेब खालच्या गावांना फोन करून सावध करायचे. माझ्या टेबलावर सेट, हातात धरायचा माइक आणि नोंदवही. डोक्यावर एक पंखा होता, तो प्रत्येक फेऱ्याला टक् करायचा. त्याची तक्रार मी दर एप्रिलमध्ये लिहून द्यायचे आणि मे महिन्यात ती फाईलीत झोपी जायची.

बिनतारी म्हणजे गावची चावडी समजा. आमची नऊ ठिकाणं एकाच लहरीवर. एकाने बटण दाबून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. ज्याच्याकडे तसा सेट आहे तो कोणीही ऐकू शकतो आणि मनात आलं तर बोलूही शकतो. ऐकणाऱ्याने संदेश परत म्हणून दाखवायचा हा नियम होता. पण त्याने एवढंच कळतं, की मी बरोबर ऐकलं. बोलणारा कोण, हे त्याने कळत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

ही मेख काढायला एका वर्षी आमच्याकडे एक हुशार साहेब आले. त्यांनी गुप्त शब्दाची पद्धत सुरू केली. रोज नवा शब्द, संदेशाच्या शेवटी तो म्हणायचा, म्हणजे माणूस आपला. आता तो शब्द डोंगरातल्या नऊ ठिकाणी रोज पोचवायचा कसा? टपालाला चार दिवस लागत. मग साहेबांनीच तोडगा काढला, की सकाळी सात वाजता बिनतारीवरूनच सांगून टाकायचा. मी रोज सकाळी सांगायचे, "सर्व ठिकाणं, आजचा गुप्त शब्द कढीपत्ता, कढीपत्ता, ओव्हर." नऊ जण नियमाप्रमाणे नऊ वेळा तो परत म्हणून दाखवायचे. वाघदरी धरणावरच्या देवरामने पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, गुप्त हाय तर मोठ्यानं म्हणू का हळू?" पावसाळा संपायच्या आत गुप्त शब्दही संपला.

मी ओळखायचे ते खरखरीवरून. प्रत्येक ठिकाणची खरखर वेगळी. एका ठिकाणावरून विजेची मोठी लाईन गेलेली, तिथला संदेश भुंगा मागे घेऊनच यायचा. एकाची बॅटरी जुनी. वाक्य लांबलं की शेवटचे शब्द खाली बसायचे, म्हणून तो बिचारा आकडे आधी सांगून मोकळा व्हायचा. वाघदरी तर सगळ्यात लांब. धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची केबिन, मध्ये डोंगर, आणि देवरामचा सेट छोटा, हातातला. त्याचा आवाज कढईत मोहरी तडतडावी तसा यायचा. देवराम पेठ तालुक्यातला, कमी बोलणारा, आणि संदेश संपला की "बराबर हाय ताई" म्हणणारा. मोहरी आणि "बराबर हाय ताई" एकत्र आलं की मी डोळे मिटून लिहून घ्यायचे.

आता जे सांगायचं टाळते आहे ते सांगते.

देवरामला लागून दोन वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात कुणी टवाळ आमच्या लहरीवर घुसले होते. गाणी म्हणत, आणि दोनदा त्यांनी खोटे संदेशही दिले होते. मी ताकही फुंकून पीत होते. ऑगस्टमधल्या एका दुपारी संदेश आला, "वाघदरीहून. दोन दरवाजे दीड फुटानं उघडलेत. ओव्हर." आवाज इतका स्वच्छ, की शेजारच्या खोलीतून कोणी बोलतंय. मोहरीचा एक दाणा नाही.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"देवराम, ताई."

"देवराम असा बोलत नाही. लहर मोकळी करा."

त्याने सहा वेळा हाक मारली. मी नोंदवहीत 'संशयास्पद' असं लिहिलं आणि विभागाच्या कचेरीमार्फत फोनवर खातरजमा करायला घेतली. त्यात चाळीस मिनिटं गेली. संदेश खरा निघाला.

झालं होतं असं. पाणी मोठं आहे, ताईंना नीट ऐकू गेलं पाहिजे, म्हणून देवराम सेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून भर पावसात भिंतीच्या पायऱ्या चढून वर गेला होता. वर डोंगर आड येत नाही. माणसाने धापा टाकत मिळवलेला स्वच्छ आवाज, आणि मी तोच त्याच्या खोटेपणाचा पुरावा मानला.

खाली पहिलं गाव फरशीवाडी. इशारा पोचला तेव्हा पाणी फरशी पुलाला टेकलेलं होतं. माणसं निसटली. नदीतल्या बेटावर चरायला बांधलेल्या सिंधूबाईंच्या तीन म्हशी गेल्या.

पंधरा दिवसांनी सिंधूबाई एसटीने कचेरीत आल्या. पन्नाशीच्या, काटक. भरपाईचं एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्या टेबलासमोर बसून सेटकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तो सांगत व्हता ना ताई? मग ऐकलं का नाय?"

मी त्यांना पाणी दिलं.

आणि ज्याची लाज वाटते ते याहून पुढचं आहे. चौकशीत मला लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं: 'वाघदरी येथील ऑपरेटरने नेहमीच्या जागेवरून संदेश दिला नाही.' वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. देवरामला ताकीद मिळाली, मला मिळाली नाही. त्यानंतर तो भिंतीवर कधी चढला नाही. किती का पाऊस असेना, केबिनमधूनच बोलायचा.

त्या हिवाळ्यात मी ठरवलं, की असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. पण म्हणजे काय करायचं? खरखर ऐकून माणूस ओळखता येतो हे अर्धंच खरं होतं, कारण खरा माणूस जागा बदलतो. मग एक दिवस सुचलं, की खरखर नुसती ऐकायची नाही, तिला हलवून बघायची. जानेवारीत, आभाळ कोरडं असताना, मी देवरामला सेटवर घेतलं आणि म्हटलं, "केबिनचं दार लाव आणि बोल." पत्र्याचं दार लागलं की खरखर एकदम चढायची आणि आवाज विहिरीत उतरायचा. उघडलं की पुन्हा मोहरी. मग खिडकीपाशी, मग बाहेर झाडाखाली. सगळं त्याने केलं.

"आता भिंतीवर जा," मी म्हटलं.

"वर नको ताई."

मी आग्रह केला नाही.

असं नऊही ठिकाणांचं केलं. कुठे दार, कुठे लोखंडी कपाटाआड जाणं, कुठे जीपच्या मागे उभं राहणं. शंभर पानी वहीत सगळं लिहून काढलं आणि वरती नाव घातलं 'खरखरीची वही'. दर वर्षी पावसाळ्याआधी उजळणी व्हायची. कचेरीत चेष्टा पुष्कळ झाली. चेष्टेने काम अडत नाही, म्हणून मी होऊ दिली. पुढे एक तरुण साहेब आले, माणूस सरळ, फक्त घाईचा. वही बघून म्हणाले, "मॅडम, ही कुलपात ठेवायला हवी. बाहेर गेली तर?"

"जाऊ द्या की साहेब. वाचणाऱ्याकडे दार कुठे आहे?"

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. वही उघड्यावरच राहिली.

म्हशी गेल्याला सहा-सात वर्षं झाली असतील. फरशीवाडीचा आठवडे बाजार होता. हा बाजार नदीकाठच्या उतारावर भरतो आणि पाच वाजता दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून कामावरच्या बाया ट्रॅक्टरने फरशीवरून घरी येतात. सकाळी देवरामने मोहरीतून कळवलं होतं, की साडेतीनला दोन दरवाजे एक फुटाने उघडणार. पाण्याला फरशीवर यायला सव्वा तास लागतो. साहेबांनी पोलीस पाटलांना सांगून ठेवलं होतं, की चारच्या आत बाजार उठवा.

तीनला दहा कमी असताना संदेश आला. "वाघदरीहून. आजचा विसर्ग रद्द. उद्या सकाळपर्यंत पाणी सोडणार नाय. गावांना कळवा. बराबर हाय ताई. ओव्हर."

संदेशाचा क्रमांक बरोबर, वेळ बरोबर, बोलण्याची ढब बरोबर. आणि आवाज स्वच्छ.

साहेबांनी फोन उचललाही होता. "चला, बाजार उठवायला नको. पाटलांना सांगतो."

"थांबा साहेब. हा देवराम वाटत नाही."

"का?"

"फार स्वच्छ येतोय."

साहेबांनी फोन हातातच ठेवला. "मॅडम, तो भिंतीवर गेला असेल. मागे गेला होता ना? तेव्हा तुमच्या कानाने काय झालं ते फाईलीत आहे."

"फाईलीत आहे आणि माझ्याही लक्षात आहे," मी म्हटलं. "म्हणूनच दोन मिनिटं द्या. कानावर जात नाही, दार लावून बघते."

देवराम आता भिंतीवर चढत नाही हे मला माहीत होतं, पण आज चढला नसेल कशावरून? पुन्हा खऱ्यालाच खोटं ठरवलं तर? मोबाईलचा उपयोग नव्हता. वाघदरीला रेंज मिळायची ती एका दगडावर उभं राहिलं तर, आणि सकाळपासून टॉवरच बंद होता. मी बटण दाबलं.

"वाघदरी, नियंत्रण कक्ष. केबिनचं दार लाव आणि मग बोल. ओव्हर."

धरणाचे ते दरवाजे आणि केबिनचं ते दार. बिनतारीवर हे शब्द आम्ही कधी बदलत नसू, नाहीतर अनर्थ व्हायचा.

उत्तर आलं. "लावलं ताई. ओव्हर."

आवाज होता तसाच.

"आता उघड."

"उघडलं ताई."

तसाच, शेजारच्या खोलीतला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर असता तर देवराम 'मी केबिनमध्ये नाय' म्हणाला असता. हा गडी नसलेलं दार उघडत होता आणि लावत होता.

दोघे एकदम बोलले तर जवळचा सेट लांबच्याला दाबून टाकतो, आणि ज्याचं बटण दाबलेलं आहे त्याला माझं 'उघड'ही ऐकू जात नाही. आता जवळच्याने बटण सोडलं, आणि खालून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं काहीतरी आलं. "...ताई... दार लावलंय... माझ्या नावानं कोन बोलतंय..."

"देवराम, उघड."

खरखर एक पायरी उतरली. मोहरी.

"लाव."

चढली.

"उघड."

उतरली. मी म्हणेन तसं चाळीस मैलांवरचं पत्र्याचं दार हलत होतं आणि माझ्या टेबलावर ते ऐकू येत होतं.

"आकडे सांग."

"साडेतीन. दोन दरवाजे. एक फूट. रद्द नाय ताई. रद्द नाय."

तेवढ्यात स्वच्छ आवाज मध्ये घुसला. "ताई, तो खोटा हाय, मी देवराम."

"बाबा, तू कुणीही असशील," मी म्हटलं, "पण तुझ्याकडे दार नाही. बाजूला हो."

तो पुन्हा बोलला नाही. साहेब तोपर्यंत पाटलांना सांगत होते, "साडेतीन कायम. बाजार आत्ताच्या आत्ता उठवा आणि फरशी बंद करा." पावणेपाचला फरशीवर पाणी आलं. बायांचा ट्रॅक्टर पलीकडच्या काठाला थांबवलेला होता. त्या रात्री पाहुण्यांकडे राहिल्या आणि सकाळी पाटलांना भरपूर बोलल्या, म्हणजे सगळ्या धडधाकट होत्या.

तो कोण, हे सिद्ध झालं नाही. बोलवा अशी, की पात्रात वाळू उपसणारे होते. पाणी साडेतीनला सुटणार हे त्यांना ठाऊक होतं आणि चार वाजता ते आपले निघूनही गेले. तोवर सरकारी माणूस नदीकडे फिरकू नये, एवढंच त्यांना हवं होतं. बाजाराचं वाईट करावं असं त्यांच्या मनात नसेल. बाजार त्यांच्या ध्यानातच नव्हता, आणि मला राग आला तो त्याचाच.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी खरखरीच्या वहीला स्वतः कव्हर घातलं. मी देवरामला विचारलं, "कुणीतरी तुझ्या नावाने बोलतोय, तर माझ्याही नावाने बोलेल असं तुला वाटलं नाही? मी सांगितलं आणि तू मुकाट्याने दार हलवत बसलास."

"तुमच्यामागं त्यो पंखा टक टक करतो ना," तो म्हणाला. "बटण दाबलं की आधी पंखा येतो, मग तुमी."

पुढच्या एप्रिलमध्ये मी पंख्याची तक्रार दिली नाही.

हे इथेच संपलं असतं तर मी स्वतःवर खूश राहून निवृत्त झाले असते. पण आठ-दहा दिवसांनी सिंधूबाई पुन्हा आल्या. त्याच एसटीने, त्याच खुर्चीत. आता त्यांच्याकडे दोन म्हशी होत्या आणि त्या दिवशी दोन्ही बेटावर होत्या. बाजार उठवायची हाकाटी झाली तेव्हा त्यांनी त्या सोडवून आणल्या होत्या. येताना माझ्यासाठी खरवस आणला होता. सगळी हकीकत त्यांनी माझ्याकडून नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मागं तो खरं सांगत व्हता, तर ऐकलं नाय. आता हा खोटं सांगत व्हता, तर ऐकलं नाय. तुमी ऐकता तरी कुनाचं?"

मला हसू आलं. त्याही हसल्या. मग विचारलं, "मागच्या वक्ताला भिंतीवर चढून बोलला, तो कोन व्हता?"

"हाच. देवराम."

"त्याला सांगितलं का मग, त्याचं खरं व्हतं म्हणून?"

सहा-सात वर्षं रोज तासातासाला मी त्या माणसाशी बोलत होते. पाणी विचारलं, पाऊस विचारला, त्याच्या मुलीच्या दहावीचा निकाल विचारला. एवढं एक वाक्य सोडून सगळं बोलले होते. सिंधूबाई सेटकडे बघत बसल्या होत्या. त्यांच्या देखत मला टाळता येईना, आणि टाळायचंही नव्हतं. मी नोंदवही ओढली, पुढचा क्रमांक घातला आणि बटण दाबलं. नऊही ठिकाणं ऐकत होती.

"वाघदरी, नियंत्रण कक्ष. संदेश लिहून घे. त्या वर्षी भिंतीवरून तू दिलेला संदेश खरा होता. चूक माझी होती. चौकशीत मी ती तुझ्यावर ढकलली. ओव्हर."

नियमाप्रमाणे त्याने परत म्हणून दाखवायचं होतं. पंखा टक टक करत राहिला. मग मोहरी तडतडली.

"ताई, परत सांगा. खरखर लय हाय."

माझा सेट मोठा, त्याची तार कचेरीच्या उंच मनोऱ्यावर. माझा आवाज वाघदरीला नेहमी स्वच्छच जायचा, पावसातसुद्धा. त्या दिवशी तर ऊन पडलं होतं.

मी परत सांगितलं.